रिकाम्या सिलिंडरइतका जोर

माझ्या हत्यारांच्या पेटीत होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली आहे. तिच्यात एका बोल्टचं डोकं आहे. नुसतं डोकं. षटकोनी, खाली अर्धा सेंटिमीटर दांडा, आणि दांडा जिथे तुटलाय तिथे करडी, खरखरीत कड, मधोमध भोक. गेल्या महिन्यात भाच्याने ती बाटली कानाशी हलवून बघितली आणि विचारलं, "मामा, हे काय जपून ठेवलंयस? मुतखडा?"

जवळपास तेच. निघताना तितकाच त्रास झाला होता.

भाचा डिप्लोमाला आहे, मेकॅनिकलला. माझी पल्सर आता त्याच्याकडे जाणार हे घरात ठरलंय. २०१० सालची २२०, पुढे २६० मिलिमीटरची डिस्क, मागे २३० ची. त्याची अट एकच होती: ब्रेकच्या दोन्ही लाइन, म्हणजे ऑइलच्या नळ्या, नव्या हव्यात, स्टीलच्या जाळीच्या, आणि त्या आपण दोघांनी घरी बसवायच्या. बहिणीची अट वेगळी होती. ती म्हणाली, "गाडी दे, पण ब्रेक तू स्वतः बघून दे." बहिणीला अजून वाटतं की मला यातलं कळतं. बाटलीची गोष्ट तिला ठाऊक नाही.

हे काम मी २०१६ साली एकदा केलं होतं, म्हणजे बिघडवलं होतं. पावसाळ्यात ताम्हिणी उतरत होतो. शेवटच्या वळणांवर पुढचा लिव्हर लोण्यात बोट घातल्यासारखा आत जायला लागला. ब्रेक लागत होता, पण उशिरा आणि अनिच्छेने, दुपारी दीडला दुकानदार उठतो तसा. घरी येईपर्यंत माझं निदान झालेलं होतं: रबराची नळी फुगते. सगळेच तसं म्हणत होते, आणि ते खोटंही नाही. समजा बोटांनी दहा किलो जोर लावला. लिव्हर तो पाचपट करतो, म्हणजे पन्नास किलो. तो पडतो १४ मिलिमीटरच्या पिस्टनवर, म्हणजे दीड चौरस सेंटिमीटरच्या नाण्यावर. दाब होतो बत्तीस-तेहेतीस बार. टायरमध्ये आपण दोन बार हवा भरतो. तेव्हा नळी थोडी फुगणारच, आणि लिव्हरचा तेवढा प्रवास फुकट जाणार. स्टीलच्या जाळीच्या लाइनमध्ये आतली नळी पीटीएफईची असते, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर जे असतं तेच, आणि भोवती तारांची घट्ट वीण. ती जवळजवळ फुगतच नाही.

हे सगळं बरोबर होतं. फक्त माझ्या गाडीचा आजार तो नव्हता. सहा वर्षांत मी ब्रेक ऑइल एकदाही बदललं नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलची ही एक प्रत) निदान २३० अंशांपर्यंत तरी उकळायला नको, असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच खात्री १५५ अंशांवर येते. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागात, ते उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर आत जातो. बहुतेक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ऑइल दर दोन वर्षांनी, रबराची नळी दर चार वर्षांनी. मॅन्युअल माझ्याकडे होतं, सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरं. पुढे लाइन बदलल्यावर ब्रेक दगडासारखा झाला आणि मी मित्रांमध्ये स्टीलच्या लाइनचे गोडवे गात फिरलो. त्यातलं निदान अर्धं श्रेय नव्या ऑइलच्या त्या छोट्या बाटलीचं होतं. लाइनने ब्रेकची ताकद वाढत नाही, हाताला लागणारी खबर सुधारते. ती मोठीच गोष्ट आहे, पण वेगळी.

असो. मी लाइन आणली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मांडी ठोकून बसलो.

या लाइनच्या टोकाला गोल कडी असते आणि तिला चिकटलेली लांब मान, म्हणून त्याला बँजो म्हणतात. आपल्याकडे गणपतीत बँजो पार्टी असते, तो बँजो निराळा, बटणांचा. हा अमेरिकेतला, गोल पोटाचा. कडीतून जो बोल्ट जातो तो बँजो बोल्ट. तो आतून पोकळ असतो आणि कुशीत त्याला आडवं भोक असतं. ऑइल लाइनमधून कडीत येतं, आडव्या भोकातून बोल्टच्या पोटात शिरतं आणि खाली कॅलिपरमध्ये उतरतं. कडीच्या वर एक आणि खाली एक, असे तांब्याचे दोन वायसर, भोकाच्या चकत्या. गळती थांबवतात ते हे दोन वायसर. बोल्टचे आटे काहीही थांबवत नाहीत. आट्यांचं काम फक्त ओढून धरायचं.

ही एवढी गोष्ट मला तेव्हा कळली असती तर ती बाटली आज रिकामी असती. माझ्या डोक्यात नळ होता. आपण घरात नळ बसवताना बघतो: आट्यांना सुतळी गुंडाळायची, सफेदा फासायचा, आणि पान्याला लोंबकळून पिळायचं. ठिबकला तर अजून पिळायचं. तिथे आटे निमुळते असतात, पिळल्यावर एकमेकांत रुततात, सुतळी उरलेली फट भरते. त्या शिक्षणावर मी ब्रेकला हात घातला. नशीब की टेफलॉन टेप घरात नव्हती, नाहीतर तीही गुंडाळली असती आणि तिचा एखादा तुकडा सुटून कॅलिपरमध्ये गेला असता.

लाइन बसली, ऑइल भरलं, लाइनमधली एअर काढली. लिव्हर दाबून धरला तर कॅलिपरवरच्या बोल्टच्या डोक्याखाली एक थेंब जमा झाला. थेंबसुद्धा नव्हे, घामासारखं काहीतरी. पाना लावला, थोडा आवळला. पुसलं, दाबलं, परत घाम. परत आवळला. तिसऱ्या वेळी मी उभा राहिलो, पान्यावर दोन्ही हात ठेवले आणि दातओठ खाल्ले. चौथ्या वेळी पाना एकदम हलका झाला. कानाला 'टक्' असं बारीक काहीतरी लागलं, बोटांची सालं फुटपेगने काढली, आणि पान्याच्या तोंडात बोल्टचं डोकं तसंच अडकून माझ्या हातात आलं. जिथे आडवं भोक असतं, बरोबर तिथेच तुटलं होतं. उरलेला बोल्ट कॅलिपरच्या पोटात.

त्यानंतरचा अर्धा तास मी काही केलं नाही. पार्किंगमधल्या वॉचमनकाकांनी लांबूनच विचारलं, "तुटलं का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "गंजलं असेल." मी तेही मान्य केलं.

तुकडा निघाला मात्र अगदी सहज, आणि त्याचं मला आजही नवल वाटतं. बोल्ट घट्ट राहतो तो डोकं आणि आटे यांच्यातल्या ओढीमुळे. डोकं गेलं की ओढ संपली. आतला तुकडा आट्यांत नुसता पडून असतो, भांडण मिटल्यासारखा. घरातली कानस आणली, तिचं टोकदार शेपूट बोल्टच्या पोकळीत हलकेच ठोकलं आणि उलटं फिरवलं. बोटांच्या जोरावर आला. कॅलिपरचे ॲल्युमिनियमचे आटे वाचले. ते गेले असते तर मोठ्या मापाचा टॅप मारून नवे आटे पाडा, आत तारेचं वेटोळं बसवा, किंवा नवा कॅलिपर घ्या, असा खर्च होता.

मग जागा साफ करताना लक्षात आलं. कॅलिपरच्या तोंडावर, जिथे कडी बसते, तिथे एक काळी गोल कडा होती. मी तिला कॅलिपरचाच भाग समजत होतो. नखाने खरवडलं तर खालून लालसर चमकलं. तांबं! जुना वायसर. सहा वर्षं चिकटून काळाठिक्कर पडला होता, आणि त्यावर जुन्या कडीने उमटवलेली खोल चरी होती. मी त्याच्यावर नवा वायसर ठेवला होता. वायसरवर वायसर, आणि त्यात एक चरी पडलेला, कडक झालेला. अशा ठिकाणी तुम्ही क्रेनने आवळा, ते गळणारच. चार वेळा आवळून मी त्या गळतीला चुकीचं औषध चार पट मात्रेत दिलं होतं.

बाटलीची ही हकीकत ऐकल्यावर भाचा हसला नाही. डिप्लोमाच्या पोरांचं हे बरं असतं, त्यांना कुठे तुटलं यापेक्षा किती जोरावर तुटलं यात रस. त्याने खडू शोधला आणि पार्किंगच्या फरशीवर सूत्र लिहिलं: टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, बरोबर घर्षणाचा आकडा, गुणिले ताण, गुणिले बोल्टचा व्यास. कोरड्या आट्यांना घर्षणाचा आकडा ढोबळमानाने ०.२ धरतात. नव्या किटमधल्या चिठ्ठीवर २५ न्यूटन-मीटर लिहिलेलं. बोल्ट १० मिलिमीटरचा. भागाकार केला आणि म्हणाला, "साडेबारा हजार न्यूटन. मामा, म्हणजे सव्वा टन!"

करंगळीएवढा पोकळ बोल्ट त्या दोन तांब्याच्या चकत्यांना सव्वा टनाने दाबून धरतो. पाण्याने भरलेली हजार लिटरची टाकी आणि वर चार माणसं. बत्तीस बारच्या ऑइलला बाहेर पडायला तिथे फट सापडत नाही.

"आणि तू किती लावला असशील?" हा पुढचा प्रश्न येणारच होता. माझा बारा नंबरचा पाना मोजला, १७ सेंटिमीटर. २५ न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला पंधरा किलोची ओढ पुरते. पंधरा किलो म्हणजे किती, हे सांगायला मला घरातलीच वस्तू सापडली: गॅसचा रिकामा सिलिंडर. साधारण तेवढाच भरतो तो, त्यावर रिकाम्याचं वजन लिहिलेलंही असतं. भरलेला साधारण तीस, कारण आत १४.२ किलो गॅस. रिकामा सिलिंडर उचलताना आपण फारसं काही करत नाही, बोलता बोलता उचलतो. भरलेला उचलायचा तर पाय रोवतो, श्वास धरतो. २०१६ साली मी पाय रोवले होते. श्वासही धरला होता. म्हणजे निदान पन्नास न्यूटन-मीटर, आणि चौथ्या वेळी दोन्ही हातांनी, तेव्हा साठ-सत्तर कुठे गेले नसतील.

त्यात भाच्याने आणखी एक पाचर मारली. म्हणाला, आटे ऑइलने माखलेले होते ना? मग ०.२ कशाला, ०.१५ धर. टॉर्क तोच ठेवला तरी बोल्टवरचा ताण एक तृतीयांशाने वाढतो. सव्वा टनाचा पावणेदोन टनाच्या घरात जातो. माझ्या बोल्टवर तर दर खेपेला ताजं ऑइल झिरपून येत होतं. म्हणजे जितका तो घामेजत होता तितका माझा पाना सुरळीत फिरत होता, आणि जितका सुरळीत फिरत होता तितकं मला वाटत होतं की अजून आवळायला जागा आहे.

इथे गॅरेजवाल्यांची बाजू घेतली पाहिजे. त्यांच्याकडे टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरावर खट्ट वाजणारा पाना, नसतो आणि त्यांचे बोल्ट तुटत नाहीत. लोक म्हणतात हाताचा अंदाज. अंदाज असतोच, पण मी नीट बघितलंय: जुना मेकॅनिक छोट्या बोल्टला पाना लावताना तो मध्यावर किंवा डोक्याजवळ धरतो, आणि अंगठा बोल्टच्या माथ्यावर टेकवतो. पाना आखूड केला की जोर आपोआप मर्यादेत. शिकाऊ पोरगा टोकाला धरतो, कारण टोकाला सोपं जातं. मी टोकाला धरला होता, आणि वर त्यात पाइप घालायचा विचार केला होता, हे भाच्याला सांगितलं नाही.

पहिल्या बोल्टनंतर मी टॉर्क रेंच मिळवला होता, तो मित्राच्या कारच्या गॅरेजमधून. मोठा, हातभर लांब, चाकाचे नट आवळायचा. त्याचा पहिला आकडाच ४० होता. मी तो ४० च्या खाली, आकडे संपल्यावर अंदाजाने एक फेरी उलटी फिरवून '२५ ला' लावला आणि खट्ट वाजायची वाट बघत बसलो. वाजलं नाही. याही वेळी हाताला कळलं म्हणून थांबलो, बोल्ट वाचला. रेंच जिथून मोजायला सुरुवात करतो त्याच्याखाली तो नुसता लांब दांडा असतो, हे शिकायला मला दुसरी संधी मिळाली एवढंच. आता माझ्याकडे लहान आहे, ५ ते ६० चा. काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून दबून खोटं बोलायला लागते.

आकडा कुठला लावायचा, याचं उत्तर मात्र एक नाही. होंडाच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये या बोल्टला ३४ न्यूटन-मीटर दिलेले असतात, यामाहात ३०, कावासाकीत २५, सुझुकीत २३. बोल्ट सगळ्यांचा दहाचाच. कुणी बोल्टचं पोलाद वेगळं घेतो, कुणी वायसर. ॲल्युमिनियमचे रंगीत बोल्ट मिळतात, निळे, सोनेरी; त्यांना याहून बराच कमी. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणं म्हणजे त्याच्या चष्म्याने वाचणं. आपल्या गाडीचं पुस्तक आणि किटबरोबरची चिठ्ठी, यांत फरक पडला तर ज्याने बोल्ट बनवला त्याचं ऐकायचं, असं माझं मत. नव्या किटात बोल्ट स्टेनलेसचे होते, चिठ्ठीवर २५, तोच आम्ही धरला.

आट्यांच्या अंतराची एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तिच्यापायी नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. दहाचा बोल्ट दोन प्रकारचा येतो. जपानी घराण्यातल्या गाड्यांना सव्वा मिलिमीटर अंतराचा, ब्रेम्बो या इटालियन ब्रेक कंपनीला आणि तिच्या युरोपीय गोतावळ्याला एक मिलिमीटरचा. एका सेंटिमीटरात एकाचे आठ आटे, दुसऱ्याचे दहा. हातात घेतले तर जुळे भाऊ. दुकानदाराने "दहाचा ना?" विचारलं, मी "हो" म्हटलं, आणि मागच्या कॅलिपरसाठी घेतलेला जादा बोल्ट चुकीचा निघाला. चुकीचा बोल्टसुद्धा एक-दीड फेरा आत जातो, मग घट्ट होतो. ज्याच्या हातात पाना आहे त्याला वाटतं, बसला. प्रत्यक्षात तो पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांना नव्याने कापत असतो. म्हणून पाना लावायच्या आधी बोटांनी. कडी आणि वायसर न घालता, नुसता बोल्ट, शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. अडला तर बाहेर.

पेठेचा विषय निघालाच आहे तर वायसरबद्दल. माझं लहानपण कसब्यात गेलं, तांबट आळीच्या इतकं जवळ की सकाळी जाग यायची ती ठोक्यांनी. तिथे पत्रा ठोकून ठोकून हंडे-घंगाळी घडतात, वर मठाराचे, म्हणजे ठोक्यांचे, ठसे उठतात. लहान असताना बघायचो, तांबट मध्येच ठोकणं थांबवून भांडं भट्टीत घालायचा. तांबं ठोकलं की कडक होतं; आणखी ठोकलं तर चिरतं. लाल होईपर्यंत तापवलं की परत मऊ. वायसरचंही हेच. एकदा सव्वा टनाखाली चेपला की तो ठोकलेल्या पत्र्यासारखा कडक होतो, दुसऱ्यांदा चेपून घेत नाही, सांध्याच्या उंचसखल अंगाशी जुळवून घेत नाही. भाच्याला मी गॅसवर जुना वायसर चिमट्यात धरून लाल करून दाखवला आणि पाण्यात टाकला. तो म्हणाला, "मामा, पाण्यात टाकल्यावर कडक होईल ना?" पोलाद होतं, तांबं होत नाही, पाण्यात टाका नाहीतर फरशीवर थंड होऊ द्या. त्याने चाव्याच्या टोकाने ओरखडा मारून खात्री केली. जुन्या काळी असे वायसर तापवून तीन-तीनदा वापरायचे. आम्ही नाही वापरला. दोन चकत्या चहाच्या पैशात येतात, आणि मी बहिणीला शब्द दिला होता.

मग प्रत्यक्ष आवळणं. त्याला लागला सगळा मिळून अर्धा मिनिट, तयारीला सबंध सकाळ.

पेट्रोलच्या टाकीवर जुनी चादर ओली करून टाकली, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. कॅलिपर गाडीवरच घट्ट बसवलेला ठेवला; मांडीवर घेऊन आवळायला गेलं की हात एकीकडे, कॅलिपर दुसरीकडे. तोंडं पुसली, नखाने खरवडली, टॉर्च मारून बघितली. या वेळी एकच जुना वायसर चिकटलेला निघाला, आणि तो भाच्याला सापडला. त्याने तो काढून मला दाखवला तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते मी परीक्षेच्या निकालालाही बघितलेलं नाही. जुनी लाइनही नीट बघितली: जाळीवर आवरण नसलेली स्वस्तातली घेतली होती, तिने आठ-नऊ वर्षांत मडगार्डच्या कडेला करवतीसारखी खाच पाडली होती. नवीवर पारदर्शक आवरण आहे.

वायसर, कडी, वायसर. बोल्ट बोटांनी. मग कडीचा कोन. बोल्ट फिरतो तसा तो कडीला आपल्याबरोबर ओढतो, आणि लाइनला पीळ बसतो. म्हणून हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, गाडी सेंटर स्टँडवर, मागून दाबून पुढचं चाक अधांतरी म्हणजे शॉकॲब पूर्ण ताणलेले. लाइन कुठे ताणत नाही ना, कुठे घासत नाही ना. कोन ठरला की भाच्याने कडीची मान हातात धरली. पकडीने नाही, हाताने.

रेंचची गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी, बसवली, रेंच २५ वर. डावा हात गोटीच्या माथ्यावर, उजवा मुठीवर. एकसारखी ओढ, झटका नाही. पहिल्यांदा वायसर चेपतानाचा एक मऊ टप्पा येतो. बोल्ट फिरतो पण जोर वाढत नाही, ओल्या मातीत काठी रुतावी तसं. मग जोर चढायला लागतो, आणि नेमकं जेव्हा हाताला वाटतं की आता कुठे सुरुवात झाली, तेव्हा खट्ट.

"बस?" भाच्याने विचारलं.

"बस."

"मामा, एवढाच? अजून एक जरा..."

मी रेंच काढून घेतला. मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर तळव्याला खाज सुटली होती. मनातल्या मनात मी रिकामा सिलिंडर उचलून ठेवला. पुन्हा खट्ट वाजवून बघायची लोकांना सवय असते, खात्री म्हणून. प्रत्येक खात्रीला बोल्ट थोडा पुढे सरकतो.

चार बोल्ट झाले. भाच्याने पिवळ्या पेंटची बारीक रेघ प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कडीवर ओढली. बोल्ट हलला तर रेघ तुटेल.

एअर काढण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना येतं आणि सगळ्यांचं भांडण होतं. "दाब. धर. धर म्हटलं ना! सोडू नकोस... आता सोड." वरची ऑइलची वाटी रिकामी होऊ द्यायची नाही. एक गोष्ट मात्र: हवेचा शेवटचा बुडबुडा वर, लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या बँजोत जाऊन बसतो, कारण ती सगळ्यात उंच जागा. तिथे फडकं धरून, लिव्हर दाबलेला असताना बोल्ट पाव फेरा सैल करून लगेच आवळायचा, आणि परत २५ ला आणायचा. पिवळी रेघ परत ओढावी लागली.

रात्री लिव्हर हँडलला बांधून ठेवला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, तीन वेढे. चारही बँजोंभोवती पांढरा टिश्यू पेपर गुंडाळला, आणि मागच्या ब्रेकच्या पेडलला पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगला. पार्किंगमध्ये गाडी अशी दिसत होती की जणू तिचं नुकतंच ऑपरेशन झालंय. वॉचमनकाका आता दुसरे आहेत. त्यांनी काही विचारलं नाही.

सकाळी सहाला फोन आला. भाचा माझ्याआधी खाली उतरला होता. "कोरडा. चारही. लिव्हर पण घट्ट."

मग सिंहगड. वर जाताना मी चालवली, उतरताना त्याने, मी मागे बसून प्रत्येक वळणाला स्वतःच्या उजव्या हाताने हवेत ब्रेक दाबत. गोळेवाडीच्या नाक्यावर थांबलो. एक मावशी दही विकत होत्या. भाचा हेल्मेट न काढताच पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, गरम डिस्कला हात न लावता बोट आत घालून बोल्टच्या डोक्याखालून फिरवलं, बघितलं, वास घेतला, आणि मग ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. नुसत्या धुळीचा वास होता. त्याच बोटाने त्याने दह्याच्या मडक्याकडे खूण केली आणि मावशींना दोनचा इशारा केला.